जुन्या घरासाठी एलईडी बल्ब निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या पेठांमधले वाडे, पानशेतच्या पुरानंतर उभ्या राहिलेल्या दुमजली इमारती, प्रभात रोड आणि एरंडवण्यातले जुने बंगले, सत्तरच्या दशकातल्या सोसायट्या. प्रश्न पाठवणारी बहुतेक मंडळी इथे राहणारी आहेत. नव्या फ्लॅटमध्ये बिनतक्रार चालणारे बल्ब या घरांत कधी मिणमिणतात, कधी वर्षाच्या आत जातात, तर कधी चांगली ऊबदार खोली दवाखान्यासारखी करून टाकतात. अशा वेळी दोष एकट्या बल्बचा क्वचितच असतो. होल्डर, वायर, दिव्याची काच आणि भिंतीचा रंग यांचाही त्यात हात असतो, म्हणून उत्तरं त्या अंगाने दिली आहेत. एक विनंती आधीच: कुठल्याही होल्डरला हात लावण्यापूर्वी नुसतं बटण बंद करून थांबू नका, मेन स्विच बंद करा. कारण प्रश्न १० आणि ११ मध्ये आहे.

१. साठचा बल्ब काढला तर त्या जागी किती वॅटचा एलईडी लावू?

वॅटवरून बल्ब वीज किती खातो ते कळतं. उजेड किती देतो ते खोक्यावर ल्यूमेनमध्ये लिहिलेलं असतं, आणि बघायचा आकडा तो. जुना साठचा पिवळा बल्ब साधारण ७०० ल्यूमेन द्यायचा, शंभरचा १३०० च्या पुढे, चाळीसचा ४०० च्या आसपास. आजचा बरा एलईडी एका वॅटमागे १०० ल्यूमेन देतो. म्हणजे चाळीसच्या जागी ४ किंवा ५ वॅट, साठच्या जागी ७, शंभरच्या जागी १४ पुरतात. दुकानात सरसकट ९ वॅटचा हातात ठेवतात. खोलीच्या मुख्य दिव्याला तो ठीक आहे, पण पलंगाजवळच्या किंवा बोळातल्या दिव्यात डोळ्यांवर येतो. दोन कंपन्यांच्या ९ वॅटच्या बल्बांतही फरक असतो. वॅट सारखे असतील तर ज्यावर ल्यूमेन जास्त, तो घ्या.

२. आमचे होल्डर दोन पिनांचे आहेत. दुकानदार म्हणतो चुडीवाला घ्या. होल्डर बदलावे लागतील का?

त्यासाठी नाही. बल्ब आत ढकलून फिरवायचा जो होल्डर आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक जुन्या घरात आहे, त्याची खोक्यावरची खूण बी-२२. आट्यांचा, म्हणजेच चुडीवाला, ई-२७. तो बहुधा शोभेच्या दिव्यांत असतो. झुंबरात बारीक आटे असतील तर ई-१४, बारीक पिना असतील तर बी-१५. एलईडी या चारही प्रकारांत निघतात. बी-१५ साठी मात्र जरा फिरावं लागतं. विजेच्या सामानासाठी तापकीर गल्लीत जाणार असाल तर जुना बल्ब खिशात टाकून न्या, म्हणजे तोंडी वर्णन करायला नको.

होल्डर बदलायची वेळ दुसऱ्याच कारणाने येते. मेन बंद करून, टॉर्च घेऊन आत बघा. पितळेची दोन टोकं दिसतील. लाकडी काडीने दाबली की ती उसळून वर यायला हवीत. एखादं आत रुतून बसलं असेल, त्याच्याभोवती काजळी धरली असेल किंवा काळ्या बॅकेलाइटचा काठ तपकिरी होऊन टवके निघत असतील, तर तो होल्डर संपला. साठ आणि शंभरच्या बल्बांच्या धगीने तो वर्षानुवर्षं भाजलेला असतो. नवा होल्डर बल्बपेक्षाही स्वस्त येतो, आणि प्रश्न ८ मधल्या निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच मिटतात.

३. बिलात खरंच फरक पडतो का?

साठचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट होतात. ९ वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात दीड युनिटही घेत नाही. जुन्या चोकची चाळीसची ट्यूब चोकसकट पन्नास वॅटच्या वर जाते. तिच्या जागी २० वॅटची पट्टी आली की सहा तासांच्या वापरामागे महिन्याला पाच-सहा युनिट कमी होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं, त्यामुळे ज्यांचं बिल शंभरच्या जरा वर रेंगाळतं त्यांना हा फरक जास्त जाणवतो. ज्यांचा गिझर आणि एसी जोरात चालतो त्यांनी दिव्यांकडून फार आशा ठेवू नये.

४. वार्म व्हाइट घ्यायचा की कूल डेलाइट? घरात दोन मतं आहेत.

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात. २७०० म्हणजे जुन्या बल्बचा पिवळसर उजेड, ३००० त्याहून किंचित पांढरा, ४००० मधला, आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ज्याला दुकानात कूल डेलाइट म्हणतात. न सांगता मागितलात तर बहुतेक ठिकाणी ६५०० चाच मिळेल.

जुन्या घरात सागवानी तुळया असतात, शहाबादी फरशी किंवा तांबडा कोबा असतो, भिंतींना गेरू, पिवळी किंवा मळकट पांढरी सफेदी असते. हे सगळे उबदार रंग आहेत. ६५०० च्या उजेडात सागवान राखाडी दिसतं आणि चुन्याच्या गिलाव्याचा प्रत्येक पोपडा डोळ्यांत भरतो. त्याच भिंतीवर २७०० किंवा ३००० चा दिवा लावून बघा. लाकडाचा तांबूस रंग परत येतो, पोपडे मागे सरतात. माझं मत यात पक्कं आहे: बैठकीची खोली, माजघर, झोपायची खोली, ओसरी, जेवायची जागा इथे ३००० च्या वर जाऊ नका. रात्री निळसर उजेड झोपही लांबवतो, हे वेगळंच. स्वयंपाकाचा ओटा, मुलांचं टेबल, शिवणयंत्र यांच्यावर ४०००. घरातली जी व्यक्ती पांढऱ्याच उजेडासाठी आग्रही असते, तिचं समाधान बहुतेक वेळा ४००० वर होतं, कारण तिची खरी तक्रार रंगाची नसून उजेड कमी पडण्याची असते. त्यासाठी प्रश्न ६ बघा.

एका खोलीत दोन छटा मिसळू नका. एक दिवा पिवळा आणि एक निळसर असला की दोन्ही वाईट दिसतात. गॅलरीत आणि परसात मात्र वार्मच लावा. पावसाळ्यात पाखरं निळसर दिव्यावर जास्त येतात.

५. नव्या बल्बखाली साड्यांचे रंग ओळखू येत नाहीत. माझे डोळे की बल्ब?

बल्ब. एलईडीचा पांढरा उजेड मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा केलेला असतो. (ही निळी एलईडी शोधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) स्वस्त बल्बात या उजेडात तांबडा भाग फार कमी असतो. म्हणून मरून आणि तपकिरी सारखेच दिसतात, कुंकवाचा रंग मळकट होतो, जांभळी पैठणी निळी भासते, टोमॅटो पिकलाय की नाही ते कळत नाही.

रंग किती खरे दिसतात याचा आकडा असतो. त्याला सीआरआय म्हणतात. जुना पिवळा बल्ब १०० च्या घरात, साधा एलईडी ८० च्या आसपास. कपाटासमोर, आरशापाशी, ओट्यावर आणि चित्रं-फोटो असलेल्या भिंतीवर ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचा बल्ब लावा. तो थोडा महाग असतो आणि तेवढ्याच वॅटमध्ये उजेड किंचित कमी देतो. खोक्यावर सीआरआय लिहिलाच नसेल तर तो ८० च्या वर नाही असं धरून चाला.

६. नऊचा लावला, बाराचा लावला, तरी खोली अंधारीच. आणखी मोठा आणू का?

आधी वर बघा. वाड्याच्या माडीचं छत काळपट लाकडाचं असतं, आणि काळपट लाकूड पडलेला बहुतेक उजेड पिऊन टाकतं. पांढऱ्या स्लॅबच्या फ्लॅटमध्ये छतावरून उसळून येणारा उजेड इथे येतच नाही. दुसरं, साध्या एलईडी बल्बाचा खालचा अर्धा भाग बंद असतो, त्यामुळे उजेड मुख्यतः पुढच्या दिशेला पडतो. जुना काचेचा बल्ब चारी बाजूंना पसरायचा. भिंतीवरच्या तिरप्या होल्डरात लावलेला एलईडी समोरची भिंत उजळतो आणि खालचा कोपरा तसाच राहतो.

म्हणून एकच मोठा बल्ब आणू नका, उजेड दोन-तीन ठिकाणी वाटा. दहा बाय बाराच्या खोलीला २००० ल्यूमेन ही बरी सुरुवात. काळं छत असेल तर तीन हजारांपर्यंत जा, पण ते एका बिंदूतून येऊ देऊ नका. तुळईच्या बाजूला लपणारी एखादी पट्टी, कोनाड्यात एक छोटा दिवा, वाचायच्या खुर्चीशेजारी स्वतंत्र दिवा. छताला पांढरा रंग द्यायची सूचना काही जण करतात. सागवानाला रंग फासण्याआधी हे सगळं करून बघा, एवढीच कळकळीची विनंती.

घरात आजी-आजोबा असतील तर आणखी एक गोष्ट. साठीच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. तुम्हाला पुरेसा वाटणारा दिवा त्यांना पुरत नाही. जिन्याच्या पायऱ्या, न्हाणीघराचा उंबरठा आणि औषधांचं कपाट त्यांच्या डोळ्यांनी तपासा.

७. खोक्यावर नेमकं काय बघायचं?

बीआयएसची खूण, तिच्यासोबत आयएस १६१०२ हा क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. हे नसलेला बल्ब कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. त्यानंतर बीईईचे तारे. जास्त तारे म्हणजे तेवढ्याच विजेत जास्त उजेड. मग ल्यूमेन, केल्विन, सीआरआय. जुन्या घरासाठी आणखी दोन गोष्टी: व्होल्टेजची कक्षा (२२०–२४० पेक्षा १००–३०० लिहिलेला चांगला) आणि सर्ज संरक्षण, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासूनचा बचाव, जे अडीच किंवा चार केव्ही असं लिहिलेलं असतं. वॉरंटी असली तर खरेदीची तारीख बल्बवरच पेनने लिहून ठेवा. पावती हरवते.

८. एलईडी पंधरा वर्षं टिकतो म्हणतात. आमच्याकडे सहा महिन्यांत जातो. असं का?

खोक्यावरचे २५,००० तास रोजच्या पाच तासांनी मोजले तर तेरा वर्षांच्या वर जातात, हे खरं. पण तो आकडा प्रकाश देणाऱ्या चिपचा असतो, आणि चिप सहसा मरत नाही. मरतो तो बल्बच्या बुडातला ड्रायव्हर, म्हणजे चिपला हवी तशी वीज पुरवणारं सर्किट, आणि त्यातही त्याचा छोटा नळकांडीसारखा कपॅसिटर. त्याचे दोन शत्रू: उष्णता आणि विजेचे धक्के. जुन्या घरात दोन्ही भरपूर.

तपासायचं ते असं. एकाच होल्डरातला बल्ब पुन्हा पुन्हा जातो का? मग होल्डर सैल आहे. आत सूक्ष्म ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी ड्रायव्हरला धक्का देते. कान देऊन ऐका, बारीक चुरचुर ऐकू येते. बंद काचेच्या दिव्यातलाच जातो का? मग उष्णता (प्रश्न ९). घरभरातले बल्ब आलटून पालटून जातात का? मग व्होल्टेज किंवा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार). अशा वेळी वायरमनकडून संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान व्होल्टेज मोजून घ्या, दुपारी नको. २३० च्या आसपास असायला हवं. फ्रीज किंवा पंप सुरू होताना दिवे डोळा मारतात का, तेही बघा. मारत असतील तर मुख्य जोडण्या सैल आहेत. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच इमारतींत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबतं आणि जोडणी सैल पडते. वायरमनला फक्त सगळे स्क्रू आवळायला सांगितलं, तरी कित्येक घरांत बल्ब जाणं थांबतं.

९. दुधी काचेच्या बंद गोळ्यात एलईडी चालतो का?

चालतो, पण कमी वॅटचा घ्या. एलईडीची उष्णता पुढे न जाता बुडाकडे जाते, आणि बंद गोळ्यात ती तिथेच कोंडते. नऊऐवजी पाच किंवा सात, किंवा खोक्यावर बंद दिव्यात चालेल असं स्पष्ट लिहिलेला. गोळा आधी धुऊन घ्या. आतल्या धुळीने आणि मेलेल्या पाखरांनी खाल्लेला उजेड परत मिळाला की पाचचाही पुरतो.

१०. बटण बंद केलं तरी बल्ब रात्रभर मंद मिणमिणत राहतो. धोका आहे का?

बल्बला धोका नाही, पण कारण शोधलंच पाहिजे, कारण तीन शक्यतांपैकी एक माणसाला धोक्याची आहे.

पहिली आणि सगळ्यांत साधी: बटणात लाल इंडिकेटर आहे. त्या इंडिकेटरमधून जाणारा अगदी क्षीण प्रवाह जुन्या बल्बला जाणवायचाही नाही, एलईडीला मात्र तो पुरतो. कधी बल्ब मिणमिणतो, कधी दर काही सेकंदांनी लुकलुकतो. इंडिकेटर नसलेलं बटण बसवा.

दुसरी: लाकडी पट्टीत फेजची (वीज आणणारी) आणि बटणाकडून येणारी वायर लांबवर शेजारी शेजारी धावतात, आणि एकीतला विद्युतभार दुसरीत उतरतो. यात धोका नाही. वायरमन बल्बला समांतर एक छोटा कपॅसिटर जोडून हे बंद करतो.

तिसरी धोक्याची: बटण फेजवर नसून न्यूट्रलवर आहे. जुन्या घरांत हे सर्रास सापडतं, कारण कुणीतरी कधीतरी मेनकडे वायरी उलट जोडलेल्या असतात. तेव्हा बटण बंद केल्यावर बल्ब विझतो, पण होल्डरात फेज जिवंतच असतो. बल्ब बदलताना बोट आत गेलं तर झटका बसतो. बटण बंद असताना होल्डरात टेस्टर पेटला तर वायरमनला बोलवा. टेस्टर दुसऱ्या कारणानेही मंद पेटू शकतो, म्हणून निर्णय मीटरने मोजून घ्यायचा. दुरुस्ती बहुधा मेनपाशी दोन वायरींची अदलाबदल, एवढीच असते.

११. जिन्याच्या दिव्याला वर-खाली दोन बटणं आहेत. तिथे काही वेगळं?

बल्ब कोणताही चालेल, वरच्या उत्तरातला सावधपणा दुप्पट. काही जुन्या जिन्यांत वायर वाचवण्यासाठी दोन्ही बटणांना फेज आणि न्यूट्रल दोन्ही दिलेले असतात. अशा जोडणीत दिवा विझलेला असताना होल्डरची दोन्ही टोकं जिवंत असू शकतात. बाहेरून काहीच ओळखू येत नाही. हे वायरिंग सापडलं तर बदलूनच घ्या. आणि वाड्याच्या अरुंद जिन्यात दिवा पायऱ्यांच्या माथ्यावर न लावता, उतरताना डोळ्यांवर येणार नाही अशा बाजूच्या भिंतीवर लावा.

१२. जुन्या ट्यूबच्या पट्टीतच एलईडी ट्यूब बसवू, की पट्टी बदलू?

पट्टी बदला. २० वॅटची चार फुटी एलईडी पट्टी साधारण २००० ल्यूमेन देते, लगेच लागते, चोकची गुणगुण नाही.

जुनी पट्टी ठेवायचीच असेल तर ट्यूबसोबतची आकृती नीट वाचा. काही एलईडी ट्यूबना वीज एकाच टोकाला द्यायची असते, काहींना दोन्ही टोकांना. चुकीची ट्यूब चुकीच्या जोडणीत घातली तर शॉर्ट होतं. स्टार्टर काढायचा असतो, आणि बहुतेक प्रकारांत चोकही बाजूला काढून जोडणी नव्याने करायची असते. तसं केलं तर पट्टीवर ठळक चिठ्ठी चिकटवा: 'साधी ट्यूब लावू नये'. चार वर्षांनी तिथे दुसरंच कुणीतरी हात घालणार असतं.

१३. एलईडीखाली वाचलं की डोकं दुखतं.

बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकत असेल. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि स्वस्त ड्रायव्हर प्रत्येक अर्ध्या लाटेला उजेड खालीवर होऊ देतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचं डोकं ते ओळखतं. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून बल्बकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले किंवा उजेड धडधडताना दिसला तर तो बल्ब अभ्यासाच्या टेबलावरून काढा आणि बोळात लावा. दुकानात बल्ब पेटवून दाखवतात, तिथेच ही तपासणी करता येते.

१४. आजोबांनी बसवलेला दिव्याचा रेग्युलेटर आहे. त्यावर एलईडी लागेल का?

साधा एलईडी लावू नका. फडफडेल, गुणगुणेल आणि लवकर जाईल. खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेला बल्ब हवा, आणि त्याच्यासोबत एलईडीसाठीचा डिमर. जुना रेग्युलेटर जुन्या बल्बांचा मोठा भार गृहीत धरून बनवलेला असतो, आणि पाच वॅटचा दिवा त्याच्या खिजगणतीतही नसतो. रेग्युलेटर ठेवायचा असेल तर तो जोडणीतून वेगळा करून नुसता भिंतीवर राहू द्या.

१५. काचेच्या हंड्या आणि झुंबर आहे. पांढरे प्लास्टिकचे बल्ब त्यात फार वाईट दिसतात.

फिलामेंट एलईडी घ्या. काच पारदर्शक, आत तारेसारख्या पिवळ्या काड्या, उजेड सगळीकडे. २७०० केल्विन, दोन ते चार वॅट. रंगीत काचेच्या हंडीत प्रकाश चारी बाजूंनी लागतो, आणि हा बल्ब तो देतो. झुंबरात सगळे बल्ब एकाच वेळी, एकाच कंपनीचे, एकाच खेपेतले घ्या, दोन जास्तीचे ठेवा. नंतर आणलेल्याची छटा जुळत नाही. आणि हंडीच्या वर छतात गेलेली वायर एकदा बघून घ्या. कारण प्रश्न २१ मध्ये.

१६. देवघरात झिरोचा बल्ब अखंड असतो. तो तर शून्य वॅटचा, बदलून काय मिळणार?

झिरोचा बल्ब शून्य वॅटचा नसतो, तो साधारण १२ ते १५ वॅट घेतो. पंधरा धरले तर रात्रंदिवस जळून महिन्याला जवळजवळ ११ युनिट, म्हणजे प्रश्न ३ मधल्या साठच्या बल्बपेक्षा जास्त. अर्ध्या वॅटचा एलईडी त्याच कामाला अर्धं युनिटही घेत नाही. पिवळा किंवा लाल घ्या, निळसर नको. मूर्तीचं पितळ पिवळ्यातच खुलतं. लाकडी देव्हाऱ्यात अखंड दिवा ठेवणाऱ्यांसाठी तर कमी धग हेच मोठं कारण आहे.

१७. फॉल्स सीलिंगमध्ये छोटे हॅलोजन आहेत. एलईडी लावले तर लुकलुकतात.

ते १२ व्होल्टचे असतील. वर एक ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याला किमान भार लागतो. पन्नासच्या जागी पाच वॅट आले की तो अडखळतो. ट्रान्सफॉर्मर काढून एलईडीचा ड्रायव्हर बसवा, नाहीतर थेट २३० वर चालणारा पूर्ण नवा दिवा.

१८. दिवा लावला की रेडिओ खरखरतो.

ड्रायव्हर आवाज टाकतोय. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर मध्यम लहरींवर ऐकणाऱ्यांना हा त्रास नेमका होतो, एफएमवर सहसा होत नाही. खिशातला रेडिओ हातात घेऊन एकेक दिवा लावत घरभर फिरा. खरखर करणारा बल्ब लगेच सापडतो. तो बदला. बाकीच्यांना हात लावू नका.

१९. दिवे गेल्यावर चालणारा बॅटरीचा बल्ब घ्यावा का?

जिन्यात आणि न्हाणीघरात एकेक जरूर. बटण चालू ठेवावं लागतं, तरच तो भरतो आणि वीज गेल्यावर पेटतो. बॅटरी काही वर्षांत थकते, तेव्हा सगळ्या घरात हेच लावू नका.

२०. काल अचानक सगळे दिवे लख्ख झाले, मग दोन बल्ब गेले. शेजारी मात्र अंधुक होते.

मेन स्विच ताबडतोब बंद करा आणि महावितरणला तक्रार द्या. इमारतीचा सामाईक न्यूट्रल सुटला किंवा सैल झाला की एका बिऱ्हाडाला व्होल्टेज कमी आणि दुसऱ्याला जास्त मिळतं, कधी ४०० पर्यंत. बल्ब गेले ते स्वस्तात सुटलात. पुढचा नंबर फ्रीज आणि टीव्हीचा असतो. न्यूट्रल दुरुस्त झाल्याची खात्री होईपर्यंत नवे बल्ब लावू नका.

२१. वायरिंग साठ वर्षांचं आहे, आणि आम्ही पागडीचे भाडेकरू. एलईडीसाठी सगळं बदलावं लागेल?

एलईडीसाठी नाही, त्यांचा भार नगण्य आहे. पण वायर कशी आहे ते बघायलाच हवं. मेन बंद करून छताला दिव्याची वायर जिथून खाली उतरते तो गोल डबा, म्हणजे 'सीलिंग रोज', उघडून बघा. कापडी वेष्टनाखाली काळं रबर दिसलं आणि बोट लावताच त्याचा भुगा झाला, तर ते रबर गरम बल्बांनी भाजून निघालंय. नवा दिवा थंड आहे म्हणून ते पुन्हा मऊ होत नाही. हलवलं की गळून पडतं आणि दोन तारा उघड्या समोरासमोर येतात. बल्ब बदलतानाचा हेलकावाही पुरतो.

अशा घरात निदान दिव्यांपुरती तरी नवी तांब्याची वायर घ्या, दीड चौरस मिलिमीटरची. भिंत फोडायची गरज नाही. लाकडी पट्टीच्याच मार्गाने पीव्हीसीची पट्टी जाते. किटकॅट फ्यूजच्या जागी एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), आणि सोबत ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). काम परवानाधारक वायरमनकडूनच. भाडेकरूंनी मालकाला आधी लेखी कळवावं, पोच ठेवावी. बल्ब, होल्डर आणि पट्ट्यांचं तसं नाही, ते घर सोडताना काढून नेता येतात. काढलेले जुने पितळी होल्डर आणि काळी गोल बटणं टाकू नका, डब्यात जपून ठेवा. वाड्याची डागडुजी करणारे ती शोधत असतात.

२२. काढलेले सीएफएल आणि ट्यूब कुठे टाकायच्या?

त्यांत पारा असतो, म्हणून सुक्या कचऱ्यात मिसळू नका आणि फोडू तर मुळीच नका. कागदात गुंडाळून वेगळे ठेवा, वर नाव लिहा, आणि 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना हातात देताना तोंडी सांगा. न सांगता दिलं तर फुटताना त्यांच्याच हाताला लागतं. घरात फुटलं तर खिडक्या उघडून सगळ्यांनी पंधरा मिनिटं खोलीबाहेर जायचं, मग पुठ्ठ्याने तुकडे गोळा करायचे आणि ओल्या कागदाने जागा पुसायची. झाडू फिरवायचा नाही. एलईडीत पारा नसतो, पण तोही ई-कचराच. जुना पिवळा बल्ब मात्र नुसती काच आणि तार आहे, तो कागदात गुंडाळून काचेसोबत द्या.